बरणी चालते, मग नळी का नको?

आमच्या कामठीत गेल्या उन्हाळ्यात तांब्याच्या एका नळीवरून जे बोलले गेले, त्यावर चार शब्द लिहिणे आम्हाला भाग आहे. मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात, लग्नाच्या मांडवात, किराणा दुकानाच्या पायरीवर, सर्वत्र एकच कुजबुज होती: अमक्यांच्या मुलाने घरात भट्टी लावली. मुलगा कॅनडात नोकरीला. सुटीवर आला होता. त्याने नागपूरहून वातानुकूलन यंत्राच्या दुरुस्तीत वापरतात तशी पातळ तांब्याची बारा मीटर नळी आणली आणि ओसरीत बसून एका पातेल्याभोवती ती वळवून तिचे वेटोळे केले. वेटोळे पाहिले आणि शेजाऱ्यांनी निकाल दिला. त्या वेटोळ्यात काय होते, हे विचारण्याची तसदी कुणीच घेतली नाही. आम्ही घेतली. त्यात नळाचे पाणी होते, आणि वेटोळ्याबाहेर पातेल्यात वीस लिटर साधे उकळते पाणी. आपले यंत्र चालते की नाही, एवढेच तो पाहत होता. दारूचा थेंबही त्या घरात नव्हता.

हे यंत्र काय आहे, ते आधी समजून घेऊ. त्यावाचून वाद घालण्यात अर्थ नाही. कॅनडात बिअर घरी करणे कायद्याने मोकळे आहे, आणि तेथे गेलेली आपली कितीतरी मुले हा छंद करतात. मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, भरडून गरम पाण्यात तासभर मुरवायचे; त्याचा गोड अर्क गाळून हॉप्स नावाच्या वेलीच्या कडू फुलांबरोबर तास-दीड तास उकळायचा. या अर्काला ते लोक वर्ट म्हणतात. वर्ट ही बिअर नव्हे. ते जवाचे गोड-कडू पाणी आहे, लहान मुलाला पाजले तरी चालेल असे. त्यात यीस्ट पडले आणि आठ-दहा दिवस गेले, की मग बिअर. पण उकळत्या वर्टात यीस्ट घातले तर ते मरते. ते वीस अंशांच्या आसपास आणावे लागते, आणि तेही लवकर. यात नवल ते काय? आमच्या प्रत्येक घरातली बाई हे जाणते. ऊन ऊन दुधाला विरजण लावले तर दही होत नाही. म्हणून ती पातेले परातीतल्या पाण्यात ठेवते. वर्टाची नळी म्हणजे तीच परात, उलटी करून भांड्याच्या पोटात घातलेली.

लवकर निववण्याची कारणेही काही गूढ नाहीत. साठ अंशांखाली उतरलेले गोड पाणी हवेतल्या जिवाणूंना पंगतीचे आमंत्रणच असते. ते जितका वेळ कोमट राहील तितके आंबण्याऐवजी नासण्याची भीती अधिक. शिवाय जवातला एक पदार्थ वर्ट गरम असेपर्यंत शिजलेल्या कोबीसारखा वास सोडत राहतो. उकळताना तो वास वाफेबरोबर निघून जातो, पण नंतर झाकण घालून तासन्‌तास निवत ठेवले की तो आतच मुरतो. आणि झटकन गार झालेल्या वर्टातली प्रथिने गोळा होऊन तळाशी बसतात, त्यामुळे पेय नितळ होते. घरगुती बिअर करणारा मनुष्य जर काही शिकत असेल, तर तो स्वच्छता आणि तापमान शिकतो.

आता भट्टीकडे वळू, कारण आरोप भट्टीचा आहे. हातभट्टीत आंबवलेला सडवा, मग तो मोहाचा असो की गुळाचा, विस्तवावर चढवतात. त्याची वाफ नळीच्या आतून जाते, नळी गार पाण्यात बुडालेली असते, आणि वाफेचे थेंब होऊन दुसऱ्या टोकाला मद्यार्क गळतो. म्हणजे भट्टीत वाफ आत आणि पाणी बाहेर. वर्टाच्या यंत्रात पाणी आत आणि वर्ट बाहेर. भट्टीतून जे निघते ते पेटते. वर्टाच्या यंत्रातून जे निघते ते गरम पाणी, आणि त्याने भांडी घासता येतात. वेटोळे दोन्हीकडे तेच. पण वेटोळ्यावरून गुन्हा ठरवायचा, तर गोव्यातल्या प्रत्येक काजूच्या भट्टीवाल्याला तुरुंगात घालावे लागेल. तिथे फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशन मिळाले आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला वारसा-पेयाचा दर्जा दिला. एकाच नळीला सीमेच्या अलीकडे पाप आणि पलीकडे वारसा म्हणायचे, हे आम्हाला उमगत नाही.

पण कायदा? कायदा आम्हाला ठाऊक आहे, आणि या ठिकाणी आम्ही कुणाचीही दिशाभूल करणार नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, जो आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जातो, त्याच्या व्याख्येत स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि मद्यार्क असलेला हरएक द्रव ‘दारू’ या एकाच शब्दात बसवला आहे. परवान्यावाचून ती तयार करणे गुन्हा आहे. ती तयार करण्याच्या हेतूने भांडी किंवा उपकरणे बाळगणे हाही गुन्हा आहे. तेव्हा त्या मुलाने कामठीत वर्टात यीस्ट घातले असते, तर तो अपराधी ठरला असता. त्याने ते घातले नाही, आणि कुणी घालावे असे आम्ही म्हणत नाही.

मात्र याच कायद्याने आमच्या किती घरांना अपराधी ठरवता येईल, याचा विचार कुजबुजणाऱ्यांनी केला आहे काय? नोव्हेंबर उजाडला की कामठीच्या ख्रिस्ती स्वयंपाकघरांत चिनी मातीच्या बरण्या बाहेर निघतात. काळी द्राक्षे, नाही मिळाली तर मनुका, साखर, चिमूटभर यीस्ट, दालचिनीचा तुकडा, कुणाकडे मूठभर गहू; तोंडाला मलमलचा फडका. रोज लाकडी डावाने ढवळायचे, तीन आठवड्यांनी गाळायचे. नाताळच्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती केकच्या तुकड्याबरोबर एक लहान पेला. त्या पेल्यात जे असते, तेही परवान्यावाचून घरी तयार केलेलेच असते. मिस्सेच्या द्राक्षारसासाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे. ती वेदीपुरती आहे, ओट्यापुरती नाही. आणि बरणीतला द्राक्षारस साधारण बिअरपेक्षा दुप्पट तरी कडक असतो, हेही जाता जाता सांगून ठेवतो. तरीही बरणीला कुणी भट्टी म्हणत नाही. का? बरणी आजीची आहे म्हणून. नळी नातवाची आहे, आणि ती तांब्याची असून चमकते, एवढाच फरक.

आमच्यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. दारूने आमच्या समाजातली किती घरे बसवली, हे आम्ही पाहिलेले आहे. पगाराच्या दिवशी नवऱ्याची वाट पाहत दारात बसलेल्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीतील बंदी गावोगावच्या लोकांनी, विशेषतः बायकांनी, झगडून मिळवली. त्या लढ्याला आम्ही कमी लेखत नाही. आमच्या ख्रिस्तसभेतही हा विचार जुनाच आहे. आयर्लंडमधील कपुचिन धर्मगुरू थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १८३८ साली कॉर्क शहरात संपूर्ण मद्यत्यागाची चळवळ उभी केली आणि लाखो लोकांकडून शपथा घेतल्या. जे घर दारूने पोळले आहे, त्या घराने बरणी आणि नळी दोन्ही फोडून टाकाव्यात. त्यांच्याशी आमचा वाद नाही. आमचा वाद आहे तो बरणी जपून नळीला नावे ठेवणाऱ्यांशी.

शिवाय, ज्याला पिण्याची हाव आहे तो माणूस नळी वळवत बसेल का, हा साधा प्रश्न विचारून पाहावा. कोपऱ्यावरच्या दुकानात बिअरची बाटली दोन मिनिटांत मिळते. घरची बिअर करायची तर एक अख्खा दिवस भरडणे, गाळणे, उकळणे, निववणे यात जातो. मग आठ-दहा दिवस आंबवणे, मग बाटल्यांत भरून आणखी दोन-तीन आठवडे थांबणे. व्यसनी माणसाला महिनाभर थांबता येत असते, तर तो व्यसनी कशाला झाला असता? हा छंद व्यसनाला औषध आहे, असे आम्ही म्हणत नाही. पण व्यसनाचा रस्ता या ओसरीतून जात नाही, एवढे निश्चित.

खरे विष कोठे आहे? डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालवणीत गावठी दारूने माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. मालवणीत तर शंभराहून अधिक. ती दारू जवाची नव्हती, द्राक्षांचीही नव्हती. स्वस्तात चढावी म्हणून विकणाऱ्यांनी तीत मिथेनॉल हा औद्योगिक मद्यार्क मिसळला होता. मिथेनॉल आधी डोळे घेते, मग जीव. माल्ट आंबवून होणाऱ्या बिअरमध्ये मिथेनॉल नगण्य असतो, आणि ती उकळून वाफ धरण्याची पायरीच त्यात नसते. बिअर बिघडली तर ती आंबट होते, तिला कुबट वास येतो, आणि करणारा ती मोरीत ओतून देतो. असे असता विषारी दारूचा गुत्ता आणि छंदाची ओसरी यांना एकाच कलमाखाली आणणारा कायदा नेमके कोणाचे रक्षण करतो? गुत्तेवाल्याला कायद्याची भीती नाही; ती वाटते फक्त आपल्या ओसरीला.

निववण्याच्या या प्रश्नाशी ख्रिस्ती जगाचा संबंध फार जुना आहे. बव्हेरियाच्या कॅथलिक ड्यूक पाचव्या आल्ब्रेख्तने १५५३ साली असा नियम केला, की बिअर फक्त संत मिखाएलच्या सणापासून संत जॉर्जच्या सणापर्यंत, म्हणजे २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळातच करावी. उन्हाळ्यात वर्ट निवत नसे आणि बिअर नासत असे. नियमामागे कारण एवढेच. त्या काळी वर्ट मोठ्या उथळ हौदात पसरून रात्रीच्या गार हवेवर सोडून देत. मठांतले संन्यासी याच रीतीने बिअर करीत, आणि रोमन विधिग्रंथात बिअरवर आशीर्वाद मागण्याची प्रार्थना आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ऐकून नवल वाटेल. पुढे इंग्रजांनी हिंदुस्थानात दारूखाने काढले ते कसौली, मरी अशा थंड डोंगरांवर. मरीचा कारखाना १८६० चा. मैदानातल्या छावण्यांना, आणि आमची कामठीची छावणी तर १८२१ पासूनची, बिअर गाड्यांवर लादूनच यायची. यंत्राने गारवा करण्याची विद्या एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात कार्ल फोन लिंडे यांनी पुढे नेली, तिला पहिला मोठा आश्रय मिळाला तोही म्युनिकच्या एका बिअरवाल्याकडून. आज आपण ज्या फ्रीजमध्ये दूध ठेवतो, त्याच्या वंशवेलीत असा एक दारूखाना आहे.

हे झाले नळीला नावे ठेवणाऱ्यांसाठी. आता नळीवर लट्टू झालेल्या तरुणांनाही दोन शब्द सुनावणे आवश्यक आहे. कारण परदेशातून यंत्र आणले की तेथली हवाही पेटीत भरून आणली, असा त्यांचा समज दिसतो. तिकडच्या पुस्तकात लिहिलेले असते: नळ सोडा, वीस मिनिटांत वर्ट गार. टोरंटोच्या नळाला हिवाळ्यात बर्फासारखे पाणी येते. कामठीत मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी हाताला चटका देते. पाणी स्वतः जितके गार, त्याहून गार ते दुसऱ्याला करू शकत नाही. हे शाळेत शिकवलेले असते. त्या मुलाचे वीस लिटर पाणी शंभरावरून पन्नासावर झरझर उतरले, आणि अडतिसाला येऊन जे अडले ते अडलेच. तोवर नळाचे पाणी मात्र बदाबदा अंगणात वाहून गेले होते. कन्हानच्या काठी राहूनही ज्या वस्तीत उन्हाळ्यात बायका पाण्यासाठी हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात, तिथे हे पाहवत नाही. असल्या छंदाला आमचा पाठिंबा नाही.

उपाय मात्र आपल्याच घरात आहे. वैदर्भीय माणसाला गारव्याची विद्या इंग्रजांनी शिकवली नाही. चव्वेचाळीस अंशांच्या कोरड्या हवेत मातीचा माठ आपले पाणी पाझरवून, त्याची वाफ होऊ देऊन, आतले पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर आणतो. कुलरची वाळ्याची ताटी खोलीला निववते ती याच न्यायाने. म्हणून पहिल्या टप्प्यात नळाचे पाणी सोडावे, पण ते पिंपात धरावे. ते गरम पाणी भांड्यांना, कपड्यांना होते. वर्ट पंचेचाळिसाच्या खाली आले की नळ बंद करावा, आणि बादलीत माठाचे पाणी व बर्फ घालून कुलरचा छोटा पंप तीत सोडावा. तेच पाणी नळीतून फिरून पुन्हा बादलीत येते. हिशेब सरळ आहे. वीस लिटर वर्ट पंचेचाळिसावरून बाविसावर आणायचे म्हणजे सुमारे ४६० किलोकॅलरी उष्णता काढायची. एक किलो बर्फ वितळून बावीस अंशांवर येईपर्यंत शंभराच्या आसपास शोषतो. पाच-सहा किलो बर्फ पुरतो. चौकात जो बर्फ लस्सीवाल्याला मिळतो, तोच. बर्फ बादलीत राहतो, वर्टाला शिवत नाही, त्यामुळे तो पिण्याच्या पाण्याचा नसला तरी अडत नाही.

नळी वळवताना ती चेमटते. आत बारीक कोरडी वाळू भरून, तोंडे बंद करून वळवली तर चेमटत नाही, मग वाळू झटकून धुऊन काढावी. दोन्ही टोके भांड्याच्या काठावरून बाहेर येतील इतकी लांब ठेवावीत, म्हणजे रबरी नळीच्या जोडातून पाणी गळले तरी ते वर्टात पडणार नाही. वर्टात बुडणाऱ्या भागाला डाग देऊ नये. साध्या डागाच्या कथिलात शिसे असते. आणि तांबे. आंबट पदार्थ तांब्या-पितळेत कळकतो, हे आमच्या आज्या जाणत होत्या; म्हणून तर कल्हईवाला दारोदार येत असे. वर्ट किंचित आंबट असते. तेव्हा हिरवा थर आलेली नळी कदापि त्यात घालू नये. आधी चिंचेच्या पाण्याने लखलखीत घासावी, धुवावी, आणि उकळी संपायच्या पंधरा मिनिटे अगोदर वर्टात सोडावी, म्हणजे तीही निर्जंतुक होते. हे सारे ज्यांची मुले कॅनडा-ऑस्ट्रेलियात आहेत त्यांनी त्यांना कळवावे. तेथेही उन्हाळा असतो. आणि इथे कामठीत, ज्यांना नळी करून पाहायचीच आहे, त्यांनी त्यात आल्याचे उकळलेले पाणी निववावे, नाहीतर यीस्ट न घालता जवाचे. त्यात गुन्हा नाही.

राहिला कायदा. इंग्लंडने १९६३ साली घरी बिअर करण्यासाठी लागणारा परवाना रद्द केला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर स्वतःपुरती करण्याची मुभा दिली, विकायची नाही. भट्टी लावून अर्क काढण्याला मात्र या सवलतीने हातही लावला नाही. म्हणजे पाणी आत की वाफ आत, हा जो भेद आमच्या शेजाऱ्यांना दिसला नाही, तो तेथल्या कायद्याला दिसला. महाराष्ट्राला तो दिसू नये असे काही नाही. याच राज्यात बिअर पिण्याचे वय एकवीस आणि कडक दारूचे पंचवीस ठेवताना शासनाने दोन्हींत फरक केलेलाच आहे. पुण्यात २००९ पासून हॉटेलांना जागेवर बिअर तयार करण्याचे परवाने मिळाले आहेत. ज्याच्याकडे भांडवल आहे त्याला परवाना, आणि ज्याच्याकडे पातेले आहे त्याला कोठडी, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

आमची मागणी मर्यादित आहे. आंबवून केलेले पेय आणि भट्टीतून काढलेली दारू यांत कायद्याने भेद करावा. एकवीस वर्षांवरील व्यक्तीला स्वतःच्या घरात, स्वतःच्या कुटुंबापुरती, ठरावीक मापाची बिअर व द्राक्षारस करू द्यावा. विक्री पूर्ण निषिद्ध असावी. भट्टीला कोणतीही सूट नसावी. आणि जेथे जिल्हा दारूबंदी आहे तेथे ही सवलत लागूच होऊ नये. असा अर्ज आपल्या धर्मग्रामातील मंडळांनी लिहून उत्पादन शुल्क खात्याकडे आणि आपल्या आमदारांकडे पाठवावा. अर्जाचा मसुदा करण्यास आम्ही तयार आहोत. त्यावर पहिल्या सह्या कोणाच्या घ्यायच्या हेही आम्ही ठरवले आहे: ज्यांच्या घरी येत्या नोव्हेंबरात बरणी निघणार आहे, त्यांच्या.